फोटो कार्डातून उतरवल्यावर

दिवाळी सरली की कॅमेरा पुन्हा कपाटात जातो आणि मेमरी कार्ड त्यातच राहतं. तुळशीचं लग्न लागतं, लग्नसराई सुरू होते, ऐन मांडवात कार्ड भरतं. मग घाईघाईत कुणीतरी ‘जुने उडव की’ म्हणतं आणि गणपतीचे फोटो जातात. फोटो काढले त्याच आठवड्यात ते संगणकावर उतरवायला हवेत, हे सगळ्यांना पटतं. माझा आग्रह त्यापुढचा आहे. ते असे ठेवा की उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी हवा तो फोटो सापडला पाहिजे.

कार्ड रीडरमध्ये घालून उघडलं की ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसतं. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असला तरी नाव तेच, कारण १९९८ साली जपानमध्ये त्यासाठी एक सामाईक नियम ठरला. त्याच नियमामुळे प्रत्येक फाइलच्या नावाशेवटी चारच आकडे येतात: आयएमजी_०००१, आयएमजी_०००२. ते ९९९९पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१पासून सुरू होतात. सगळे फोटो वर्षानुवर्षं एकाच फोल्डरमध्ये ओतणाऱ्या घरात एक दिवस एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येतात. संगणक विचारतो, जुनी काढून नवी ठेवू का? घाईतला हात ‘हो’ म्हणतो आणि बारशाच्या फोटोवर मुंजीचा फोटो बसतो.

म्हणून प्रत्येक प्रसंगाला वेगळं फोल्डर करावं आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा: ‘२०२४-११-०२ पाडवा आजोळ’. संगणक अशी फोल्डरं आपोआप ओळीने लावतो. प्रसंगाचं नाव खुशाल मराठीत लिहा, आताच्या संगणकांना देवनागरीचं वावडं नाही. आणि कार्डावरून फोटो कट करू नका, कॉपी करा. वायर हलली किंवा वीज गेली तर निदान कार्डावरचे तरी शाबूत राहतात. चार-दोन फोटो मोठे करून पाहा, दुसरी प्रत काढा, मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा.

तारखेचं थोडं सविस्तर सांगतो. फोटो कधी काढला हे कॅमेरा फाइलच्या आतच लिहून ठेवतो. पण तो लिहितो ते त्याच्या घड्याळाप्रमाणे, आणि कॅमेरा बरेच महिने बॅटरीविना पडून राहिला तर ते घड्याळ मूळपदावर जातं. लग्नात दोघांकडे कॅमेरे असतील आणि घड्याळं जुळवलेली नसतील, तर वेळेप्रमाणे फोटो लावल्यावर सप्तपदी आधी येते आणि अंतरपाट नंतर. समारंभाआधी दोन मिनिटं काढून घड्याळं जुळवली की पुढचे कित्येक तास वाचतात. नातेवाइकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे आले, तर ते लहान होऊन येतात आणि आतली ही नोंदही गळून पडते. त्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

एवढी यातायात कशाला, अ‍ॅप सगळं करतं की, असं तरुण मंडळी म्हणतात. पिकासा आठवा. गूगलने ते २००४ साली घेतलं, घरोघरी लोकांनी त्यात हौसेने अल्बम लावले, आणि २०१६ साली ते बंद झालं. फोटो राहिले, पण अल्बमची जुळणी पिकासाच्या स्वतःच्या नोंदींमध्ये होती. पुढे गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१पासून थांबली. या सेवा वापराव्यात, मीही वापरतो. मात्र फोनवर आणि क्लाउडवर फोटो एकमेकांशी जोडलेले असले, तर एकीकडे डिलीट केलेला दुसरीकडूनही जातो. त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घराबाहेर, बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवावी. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी एकाच कपाटातल्या दोन प्रती दोन्ही बुडतात.

राहिली नावं. मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. सारखे चेहरे संगणक एकत्र लावून देतो, पण डोक्यावर पदर घेतलेली ती बाई पणजीची धाकटी जाऊ होती, हे त्याला कुठून कळणार? ‘डिजिकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर अशी नावं आणि ओळी फोटोच्या फाइलमध्येच लिहू शकतं. मग फाइल दुसऱ्या संगणकावर गेली तरी नाव तिच्याबरोबर जातं. तेवढंही जमत नसेल तर त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहा. आजी-आजोबांना शेजारी बसवून हे करायचं. ते लवकर थकतात, म्हणून एका बैठकीला एकच फोल्डर घ्यावं. आणि नावापुढे गाव व नातं जरूर लिहावं, कारण एकाच घराण्यात सुमनमावशी दोन-तीन तरी निघतात.