कोसळलेल्या झाडाचा खर्च कोणाच्या खात्यावर?
बुलढाणा जिल्ह्यातील वादळे, नगरपरिषदांची तिजोरी आणि आपली जबाबदारी

९ एप्रिल २०२३ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. आपल्या उपासना मंदिरांतून सकाळी आल्लेलुयाचे स्वर घुमले आणि त्याच दिवशी सायंकाळी, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बाळापूर तालुक्यातील पारस या गावी मृत्यूने थैमान घातले. शेगावहून अकोल्याकडे जाताना नागझरी ओलांडले की पारसचे रेल्वे स्थानक येते. तेथील बाबूजी महाराज संस्थानात जमलेले भाविक वादळी पावसापासून बचावासाठी टिनपत्र्यांच्या शेडखाली आले. शेजारचे जुने, विशाल कडुलिंबाचे झाड उन्मळून त्या शेडवर कोसळले. सात जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. ज्याच्या सावलीत पिढ्यानपिढ्या माणसे विसावली, तेच झाड त्यांच्या मृत्यूला कारण ठरले.

शासनाने मृतांच्या कुटुंबियांना मदत जाहीर केली, आणि ते योग्यच होते. परंतु दुर्घटनेनंतर एक प्रश्न विचारला जावयास हवा होता, तो फारसा विचारला गेला नाही. अशा झाडाची वेळीच तपासणी कोणी करावयाची, धोकादायक फांदी कोणी उतरवायची, आणि त्यासाठी पैसा कोणत्या खात्यातून यावयाचा? पारस हे अकोला जिल्ह्यातील असले, तरी हा प्रश्न बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील प्रत्येक जुन्या झाडाखाली उभा आहे.

बुलढाणा जिल्ह्याची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना घाटावरचा आणि घाटाखालचा हा भेद सांगावयास नको. अजिंठ्याच्या रांगेवर वसलेला वरचा भाग आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खालचा सपाट भाग, दोहोंनाही एप्रिल ते जून या काळात मोसमी पावसाच्या आधीची वादळे झोडपतात. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग चढतात आणि अर्ध्या तासात वारा आपले काम उरकून निघून जातो. चक्रीवादळाला नाव असते, इशारा असतो, दूरदर्शनवर नकाशा असतो. २०२० च्या जून महिन्यातील निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते ही चक्रीवादळे कोकणातील प्रत्येक घराला नावाने आठवतात. आपल्या भागातील वादळ मात्र निनावी असते. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक दिवस पत्रे उडाल्याची छायाचित्रे येतात, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. जून २०२४ मध्ये चिखली तालुक्यातील देऊळगाव घुबे येथे वाऱ्याने घरावरील पत्रे उडविले. त्या छपराला बांधलेला पाळणाही सोबत गेला आणि त्यातील सहा महिन्यांचे बालक दगावले. त्या वादळाचेही नाव कोणाला सांगता येणार नाही, कारण त्याला नावच नव्हते.

हे निनावीपण केवळ भाषेचा प्रश्न नाही. पैसा नावावर येतो. आपत्तीनंतरच्या मदतीचा मुख्य स्रोत म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. २०२०-२१ या एका वर्षासाठी महाराष्ट्राच्या वाट्याला ४,२९६ कोटी रुपये आले होते, म्हणजे निधी अल्प आहे असे म्हणता येणार नाही. परंतु केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी, वीज नव्हे, अशा ठरावीक आपत्ती आहेत. विजेचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी सांगावयाचे तर, निधीतील दहा टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याने स्वतः ठरविलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्याच्या आपत्ती म्हणून मान्यता दिली. या दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. वाऱ्याबरोबर पाऊस वा गारा आल्या, तर नुकसान त्या नावाखाली नोंदविता येते. चक्रीवादळ नसलेला, पावसाविना आलेला निव्वळ सोसाट्याचा वारा मात्र कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. ज्याचे छप्पर गेले त्याला पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याशी कर्तव्य नसते. पंचनाम्याला मात्र असते.

जे रकान्यात बसते, त्याचे दरही पाहण्यासारखे आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांनुसार मृताच्या वारसास ४ लाख रुपये, सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये अशी तरतूद झाली. घरावर फांदी पडून स्वयंपाकघराचे छप्पर गेलेले कुटुंब या शेवटच्या दोन आकड्यांत मोडते. पत्रे, लोखंडी अँगल आणि कारागिराची मजुरी यांचा हिशेब ज्याने एकदा केला आहे, त्याला या रकमेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सार्वजनिक जागेतील मोडतोड हटविणे, तसेच रस्ते, पाणीपुरवठा, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पंचायतीच्या मालकीच्या सामुदायिक वास्तू यांची तातडीची दुरुस्ती या बाबी त्या निधीत बसतात. म्हणजे झाड पडल्यावर ते उचलण्याचा मार्ग निदान कागदावर आहे. पडण्यापूर्वी त्याची काळजी घेण्याचा मार्ग मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या तिजोरीतून जातो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाली, तेव्हापासून या संस्था शासनाच्या सहायक अनुदानावर मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत. स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी अशा छोट्या शहरांना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांसाठी बांधून टाकली. उरलेल्या ४० टक्क्यांवर रस्ते, दिवे, नाल्या यांचा डोळा असतो. अशा अंदाजपत्रकात झाडांच्या तपासणीसाठी वेगळी रक्कम मागणारा नगरसेवक विरळाच. त्यात सुमारे चार वर्षे नगरपरिषदांवर प्रशासक होते. निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रभागातील वाकलेल्या झाडाची तक्रार करावयाची तर नागरिकासमोर लोकप्रतिनिधीच नव्हता.

तरीही पैसा अजिबात नाही, हे म्हणणे पूर्ण सत्य नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये झाला. त्याने प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण स्थापण्याची, दर पाच वर्षांच्या आत वृक्षगणना करण्याची आणि वृक्ष उपकर आकारण्याची व्यवस्था केली. मालमत्ता कराच्या देयकात इतर करांच्या खाली वृक्षकराची एक लहानशी ओळ असते. आपण ती वाचत नाही आणि निमूटपणे भरतो. हा पैसा झाडांसाठीच आहे. प्रश्न इतकाच की ‘झाडांसाठी’ म्हणजे काय, हे आपल्याकडे कसे समजले गेले.

येथे थोडे परखडपणे बोलणे भाग आहे. आपल्या राज्यात वृक्षारोपणाला उत्सवाचे रूप आले. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी, अशी लागवडीची उद्दिष्टे शासनाने जाहीर केली. आपल्या शाळांनी आणि धर्मग्रामांनीही त्यांत हिरिरीने भाग घेतला, छायाचित्रे काढली. लागवडीला शीर्ष आहे, पाहुणे आहेत, फलक आहे. साठ वर्षांच्या झाडाच्या बुंध्याला ठोकून तो आतून पोकळ झाला आहे काय हे पाहणाऱ्या माणसाला ना शीर्ष आहे ना फलक. कायद्याच्या नावात ‘संरक्षण व जतन’ हे शब्द आहेत आणि तपासणी हाच जतनाचा पहिला भाग होय. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. हे स्वागतार्हच आहे. पण वारसा म्हणून गौरविलेल्या वृक्षाच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद केली नाही, तर तो गौरव पारसच्या कडुलिंबासारखा एखाद्या सायंकाळी अंगावर येतो.

झाडे का पडतात, याचे उत्तर वाऱ्याइतकेच आपल्या बांधकामातही आहे. रस्ता काँक्रीटचा करताना बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. जलवाहिनीसाठी चर खणताना एका बाजूची मुळे छाटली जातात. मग वीजतारांच्या बाजूच्या फांद्या दर मे महिन्यात उतरविल्या जातात आणि झाड एका अंगाला झुकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या नगरपरिषदांना तसा आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रस्त्याच्या कंत्राटातच बुंध्याभोवती मोकळी जागा सोडण्याची अट घातली, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

आणखी एक गुंता मालकीचा आहे. एकाच रस्त्यावरील झाड सार्वजनिक बांधकाम विभागाचे, त्यावरून जाणारी तार महावितरणची, खालची नाली नगरपरिषदेची आणि सावलीत बसणारा भाजीवाला कोणाचाच नाही. गावात गेले की १९७५ चा कायदा संपतो. तेथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो, ज्याचा भर साग, चिंच, आंबा, मोह अशा अनुसूचित झाडांची तोड रोखण्यावर आहे, धोकादायक झाडाच्या देखभालीवर नाही. ग्रामपंचायतीकडे शिडी आणि करवत असलेला माणूसही नसतो. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड कोसळून एका महिलेचा बळी गेला, तेव्हा देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेलाही उत्तर देणे जड गेले होते. मग संग्रामपूरच्या नगरपंचायतीकडून आपण काय अपेक्षावी?

याच ठिकाणी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतील एक तत्त्व उपयोगी पडते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. लहान संस्था जे करू शकते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये, आणि जे तिच्या कुवतीबाहेर आहे त्यात तिला साहाय्य करावे, असा त्याचा आशय. झाड पाहणे, नोंद करणे, फांदी उतरविणे हे काम नगरपरिषदच करू शकते. मंत्रालयातून कोणी मेहकरचे झाड पाहावयास येणार नाही. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि वादळानंतरचा मोठा खर्च तिच्या कुवतीबाहेरचा आहे. अमेरिकेत मोठी आपत्ती जाहीर झाली की केंद्रीय साहाय्याच्या यादीतील पहिलाच वर्ग मोडतोड हटविण्याचा असतो आणि त्यातील किमान ७५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलते. टक्केवारी आपल्या निधीसारखीच आहे. फरक असा की तेथे तो खर्च महापौराच्या डोळ्यांसमोर स्वतंत्र ओळीत असतो.

आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या एकूण निधीतील २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी, राखून ठेवला होता. जिल्ह्याच्या आराखड्यात धोकादायक झाडांची तपासणी आणि टिनपत्र्यांची छपरे घट्ट करण्याची योजना या शीर्षाखाली मांडली गेली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक नगरपरिषदेने स्वतंत्र क्रेन घेण्याची गरज नाही. घाटावर एक आणि घाटाखाली एक, अशी दोन पथके जिल्हा प्रशासनाने उभी केली आणि तेरा संस्थांनी वृक्षकरातून त्यांचा चालू खर्च वाटून घेतला, तरी चित्र पालटेल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. येथील आपला समाज संख्येने अल्प असला तरी मिशनच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि दफनभूमी यांच्या आवारांत मिशनऱ्यांच्या काळापासूनची झाडे आहेत. पंचायतीच्या सामुदायिक वास्तूला निधी मिळतो. खासगी संस्थेच्या इमारतीला, मग ते मंदिर असो, मशीद असो वा चर्च असो, त्या निकषांत स्थान नाही. म्हणून धर्मग्रामाच्या वित्त समितीने हा खर्च गृहीत धरलाच पाहिजे. साधारण फेब्रुवारीत, पानगळीच्या काळात, बुंधा आणि फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते. तेव्हा तपासणी करून घ्यावी आणि फांद्या उतरविण्याची परवानगी नगरपरिषदेकडे त्याच वेळी मागावी. मे महिन्यात मागितलेली परवानगी बहुधा वादळानंतर हाती पडते. मुलांना पावसात आडोशाला कोठे उभे करावयाचे, हे शिक्षकांना आधीच ठरवून द्यावे. ते ठिकाण झाडाखालची टिनाची शेड नसावी.

घरांसाठी विम्याचाही विचार व्हावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना द्यावी लागते. तीत वादळाचे नुकसान आणि झाड कोसळून झालेले नुकसान या दोन्ही बाबी समाविष्ट आहेत, आणि मोडतोड हटविण्यासाठी दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत रक्कमही मिळते. पतपेढीच्या वा महिला मंडळाच्या सभेत याची माहिती दिली, तर अनेक कुटुंबांचे साडेसहा हजारांवर विसंबणे टळेल. ज्यांना हप्ता परवडणार नाही, त्यांची नावे धर्मग्रामाच्या समाजसेवा केंद्राकडे आधीच असावीत. वादळानंतर यादी करू लागलो की ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव वर येते. नुकसान झालेच तर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, येण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि पंचनाम्यात वाऱ्याबरोबर पाऊस वा गारा झाल्या असल्यास तशी नोंद झाली आहे ना, हे वाचून मगच सही करावी.

नगरपरिषदांत आता पुन्हा लोकप्रतिनिधी आले आहेत. गेल्या पाच वर्षांत वृक्षकरापोटी किती रक्कम जमा झाली, ती कशावर खर्च झाली आणि शेवटची वृक्षगणना कोणत्या वर्षी झाली, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारण्यास दहा रुपयांचे शुल्क लागते आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी प्रत्येक शहरातून एक जरी असा अर्ज गेला, तरी त्या सभेत झाडांची ओळ कोणाला तरी वाचून दाखवावी लागेल.