फॉक्सप्रो बदलावे, पण एक हंगाम दोन्ही चालवून



आपली ऊसनोंद, तोडीचा क्रम आणि पंधरवड्याचे बिल अजून फॉक्सप्रोवर चालते. ते बदलावे, असे आम्हांलाही वाटते. नवी आवृत्ती काढणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ सालीच सांगितले. २०१५ साली राहिलेला आधारही काढून घेतला. हा प्रोग्राम दुरुस्त करणारी माणसेही आता शोधावी लागतात.

पण घाई नको. आडसाली लागण जुलैत नोंदली, तर तोड येते थेट पुढच्या वर्षीच्या हंगामात. नोंदी हलवताना लागणीची तारीखच चुकली, तर पाळी हुकते, उभा ऊस वाळतो, वजन घटते. नुकसान कुणाचे? प्रोग्राम विकणाऱ्याचे खास नाही! म्हणून एक पूर्ण हंगाम जुने-नवे दोन्ही शेजारी चालवावे आणि बिले ताडून पाहावीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर १५ टक्के व्याज. तिथे संगणक अडला ही सबब चालत नाही.

वारणेला १९९८ साली गावोगावी संगणक बसले. पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले. साधने बदलणारच. मात्र डोंगराकडच्या गावांत रेंज कधी असते कधी नसते. तिथल्या चिटबॉयला रेंजशिवाय तोडचिठ्ठी फाडता आली पाहिजे, आणि सगळ्या नोंदींची प्रत कारखान्याच्याच ताब्यात राहिली पाहिजे. या दोन अटी करारात लेखी घालाव्यात, असे आम्ही संचालक मंडळाला सुचवीत आहोत.