तपासनीस दारीं आले असतां

गेल्या महिन्यांत माझा भाचा सकाळींच घरीं आला. त्याचा पुण्याजवळ एक लहानसा छापखाना आहे. तीसेक माणसें कामास आहेत. चहा होतो न होतो तोंच त्यानें विषय काढला, "मामा, सरकारी तपासणी व्हावयाची आहे असें ऐकतों. तुमचें सारें आयुष्य इन्स्पेक्टरांच्या तपासण्यांत गेलें. ह्या लोकांपुढें कसें वागावें तें सांगा." शेजारच्या एका कारखानदाराचा सल्ला त्यानें आधींच घेतलेला होता. तो असा कीं, भिंतींना रंग द्यावा, वह्या मागील तारखांनीं भरून काढाव्यात, आणि जीं माणसें भलतेंच बोलून जातील त्यांस त्या दिवशीं रजा द्यावी.

"रजा कोणास देणार?" मीं विचारलें.

तो जरा घुटमळला. मग सारें बाहेर आलें. कागद कापण्याच्या यंत्रास दोन बटणें असतात. दोन्ही हातांनीं तीं दाबल्यावांचून सुरी खालीं येत नाहीं. सुरी उतरते तेव्हां कारागिराचा एकही हात पात्याखालीं नसावा, अशी ती योजना. परंतु दिवाळी अंकांच्या गर्दींत काम भराभर उरकावें म्हणून त्या जुन्या यंत्राचें एक बटण पट्टी बांधून कायमचें दाबून ठेवलें होतें. एका कारागिराच्या तर्जनीचें पेर गेलें. भाच्यानें दवाखान्याचा खर्च दिला, पंधरा दिवसांची पगारी रजा दिली. मात्र अपघात कोठेंही कळविला नाहीं. तपासणीच्या दिवशीं पट्टी सोडावयाची आणि त्या कारागिरास घरीं बसवावयाचें, असा बेत होता.

माझा भाचा दुष्ट नाहीं, हें मी जाणतों. शिवाय त्यास रागें भरण्याचा अधिकार मला कितपत होता? नोकरीच्या आरंभीं मींही हेंच केलेलें आहे. शाळातपासणीच्या आदल्या दिवशीं आम्ही फळे धुवीत असूं, तक्ते टांगीत असूं आणि हुशार मुलें पुढील बांकावर आणून बसवीत असूं. माझ्या वर्गांत एक मुलगा वाचतांना फार अडखळे. त्यास मीं सांगितलें, "बाळ, उद्यां येऊं नकोस." तो आला नाहीं, आणि माझ्या वर्गास उत्तम शेरा मिळाला. पुढील वर्षीं दुसरे इन्स्पेक्टर न कळवितां आले. तोच मुलगा शेवटच्या बांकावर बसला होता. त्यांनीं त्याच्या हातीं पुस्तक दिलें. तें त्यानें नाकाशीं नेलें. "मास्तर, ह्याचे डोळे तपासविले आहेत का?" एवढेंच ते म्हणाले. चष्मा लागला आणि मुलगा वाचूं लागला. त्याचें एक वर्ष मात्र माझ्या शेऱ्यापायीं गेलें.

ही हकीकत मीं भाच्यास सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं.

कारखान्यांची तपासणी ही कालपरवांची कटकट आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. त्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली. म्हणजे तत्पूर्वीं काय चालत असेल ह्याची कल्पना करावी! १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरवून साडेपांच हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारपुढें ठेवला, आणि १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटी मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा आला. त्यांत यंत्रांच्या आडोशांविषयीं एक मार्मिक अट होती. यंत्र चालत असेपर्यंत आडोसा जागच्या जागीं असलाच पाहिजे. केवळ विकत आणून ठेवल्यानें भागत नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली असून, तपासनिसानें मालकास साहाय्यही करावें हा हेतु तींत त्याच्या पदनामांतच घातला आहे.

तेव्हां वागावें कसें? अधिकारी आले कीं ओळखपत्र पाहावें. त्यांत अपमान कांहीं नाहीं. मग विनाविलंब आंत न्यावें. मालक बाहेर गेले आहेत, किल्ली सांपडत नाहीं, असल्या सबबींनीं प्रथमच संशय उत्पन्न होतो, आणि अडथळा करणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. चहा द्यावा, पाकीट देऊं नये. कामाची खरी माहिती असलेला एक जाणता मनुष्य त्यांच्याबरोबर फिरावा आणि ते जें जें टिपतील तें त्यानेंही टिपून घ्यावें. विचारल्याचें उत्तर द्यावें. ठाऊक नसेल तर "पाहून लेखी कळवितों" म्हणावें. कामगारांशीं ते बोलूं लागले कीं मालकानें दूर व्हावें. उणीव दाखविली तर दुरुस्तीस मुदत मागावी. शेरा चुकीचा वाटला तर तेथेंच हुज्जत न घालतां पुराव्यासह लेखी उत्तर द्यावें. अधिकारीही मनुष्यच, त्याची चूक होऊं शकते. परंतु वही कोरी राहिली असेल तर ती कोरीच दाखवावी. कोरी वही हा आळस. मागील तारखेनें भरलेली वही ही लबाडी होय.

भाचा म्हणाला, "पण त्या बोटाचें काय? आतां कळविलें तर मीच अडकेन."

"अडकशील," मीं म्हटलें. ज्या इजेमुळें मनुष्य अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊं शकत नाहीं, ती कळविणें मालकावर बंधनकारक आहे. तें त्यानें चुकविलेंच होतें. परंतु त्यास न सुचलेली गोष्ट निराळीच होती. तो कारागीर राज्य विमा योजनेंत आहे. कायमच्या अपंगत्वाबद्दल त्या योजनेंतून मिळावयाचें तें कामावरील अपघात म्हणून झालेल्या नोंदीवर अवलंबून असतें. नोंद नाहीं तर तें पेर घरीं गेल्यासारखेंच! पंधरा दिवसांच्या पगारांत मालकानें त्याचा जन्माचा हक्क बुडविला होता, आणि तो बिचारा उलट उपकार मानीत होता.

हें ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. त्याच दिवशीं त्यानें यंत्रावरील पट्टी कापून काढली आणि दोन्ही ठिकाणीं, उशीर झाल्याचें कबूल करून, अपघात कळविला.

गेल्या आठवड्यांत तपासनीस येऊन गेले. उशिराबद्दल त्यांनीं खुलासा मागितला आहे. दंड होईल कीं काय तें अजून समजलें नाहीं. कारागीर त्या दिवशीं कामावर हजर होता. तपासनिसांनीं त्यास बाजूस नेऊन दहा मिनिटें विचारपूस केली. तो काय बोलला हें भाच्यानें त्यास विचारलेलें नाहीं. त्याचें बोट तपासण्यासाठीं वैद्यकीय मंडळापुढें जावयाचें आहे. त्या दिवसाची पगारी रजा मात्र भाच्यानें आधींच लिहून ठेवली आहे.