चाळीचा बोळ आणि टॉवरचे दार

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत, तीही चाळीस मजली इमारतीत. या स्थलांतराचे स्वागत जितक्या मोकळेपणाने झाले, तितकीच एक हुरहुरही व्यक्त झाली : चाळ गेली की चाळीतला माणूसही जाणार. वास्तू बदलली की माणसाची विचार करण्याची रीत बदलते, हे गृहीत या हुरहुरीमागे आहे. ते कितपत खरे, हे तपासायला बीडीडी चाळींइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत, मुंबईच्या विकास खात्याने (बीडीडी) या चाळी उभारल्या. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. बांधल्या गेल्या २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या. लाकडी कठड्याची गॅलरी ही आपल्या मनातली चाळ. बीडीडीची तशी नाही. काँक्रीटची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, मधोमध काळोखा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आणि मजल्याला सामायिक शौचालये. कामगार स्वस्तात आणि शिस्तीत राहावा, एवढाच विचार या नकाशात होता. रहिवाशांनी मात्र त्या बोळात असे काही केले, जे नकाशा काढणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते.

दारे दिवसभर उघडी राहिली. पोर कोणाचे आणि जेवते कोणाकडे, याचा हिशेब राहिला नाही. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या. रोज एकमेकींच्या डोळ्यांसमोर राबणाऱ्या बायकांना संघटित होणे तुलनेने सोपे गेले असणार. त्याआधी महागाईविरोधी आंदोलनात ठरलेल्या वेळी घरोघरी थाळ्या वाजवण्याचा कार्यक्रम झाला. एका मजल्यावर वीस दारे लागून असतील, तर एक थाळी वाजल्यावर बाकीच्या गप्प बसत नाहीत. वास्तू माणसाला सामूहिक विचार करायला लावते, असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा भक्कम पुरावा आहे. तो भाबडा म्हणून उडवून लावता येणार नाही.

तथापि, याच वरळीत, याच बोळांच्या आणि याच मापाच्या चाळींत, जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेत दगडफेक झाली आणि पाठोपाठ दंगल पेटली. दलित वस्तीच्या चाळी आणि सवर्ण वस्तीच्या चाळी समोरासमोर उभ्या ठाकल्या. नंतर भस्मे आयोगाने तिची चौकशी केली. वास्तू तीच होती. जातीचा विचार मात्र गावाहून आलेला होता आणि कोणी कोणत्या चाळीत राहायचे, हेही बऱ्याच अंशी त्यानेच ठरवले होते. बोळ माणसांना जवळ आणतो, हे खरे. पण जवळ आलेल्या माणसांनी एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे बोळ ठरवत नाही.

किंबहुना मागे गेले, तर कार्यकारणाचा क्रम उलटाच दिसतो. पुण्याच्या वाड्यात दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशी जी उतरंड होती, ती हवा-उजेडाइतकीच कोणी कुठवर यायचे यासाठीही होती. पाहुणा ओसरीवर, बायका माजघरात, आणि काहींना चौकाच्याही बाहेर थांबावे लागे. म्हणजे विचार आधी होता, भिंती नंतर आल्या. अर्थात, एकदा भिंती उभ्या राहिल्या की पुढच्या पिढीला तो विचार वाटत नाही, रीत वाटते. वास्तूचे खरे सामर्थ्य बहुधा इथेच आहे : नवे मन घडवण्यापेक्षा जुने मन टिकवून धरण्यात.

आता दुसरी बाजू. चाळीबद्दल गहिवरून लिहिणारे बरेचसे लोक चाळ सोडून गेलेले आहेत, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवे. १६० चौरस फुटांत सात-आठ माणसे असतील, तर सून कपडे कुठे बदलते, दहावीचा मुलगा अभ्यास कुठे करतो आणि नवे जोडपे बोलते कुठे, हे प्रश्न गहिवरात बसत नाहीत. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. मुलगा लवकर झोपे, वडील रामजी मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत जागत. मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागी स्वतः आडवे होत. एकांत जागेत मिळेना, म्हणून तो वेळेतून काढावा लागला. पुढे बाबासाहेबांनी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे काढली, लोकांच्या गराड्यात चळवळ उभी केली. दादरला स्वतःचे 'राजगृह' बांधले, ते मात्र ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून. विचाराला माणसे लागतात, तसे बंद होणारे दारही लागते. यातले एक निवडा, असे चाळकऱ्याला सांगण्याचा अधिकार दोन्ही मिळालेल्यांना नाही.

दुसरीकडे, टॉवरबद्दलची भीतीही निव्वळ कल्पनेतली नाही. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात मिनोरू यामासाकी यांनी आराखडा केलेली प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची, अकरा मजली वसाहत १९५०च्या दशकात उभी राहिली आणि १९७२ पासून पाडली जाऊ लागली. उंच इमारती माणसे बिघडवतात, याचा दाखला म्हणून तिचे नाव घेतले जाते. परंतु तिथे लिफ्ट मुद्दाम दर तिसऱ्या मजल्यावर थांबत असे, आणि त्या मजल्यांवर शेजाऱ्यांनी एकत्र यावे म्हणून ऐसपैस गॅलऱ्या ठेवल्या होत्या. म्हणजे वास्तुरचनाकाराने चाळीचाच बोळ वर नेला होता. वसाहतीची देखभाल भाड्यातून व्हायची होती. भाडेकरू घटले, पैसा आटला, लिफ्ट बंद पडू लागल्या आणि त्याच गॅलऱ्यांतून जायला लोक भिऊ लागले. दोष उंचीचा की आटलेल्या पैशाचा, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पण उंच इमारतीत देखभालीचा पैसा आटला की तडाखा फार लवकर बसतो, हेही तितकेच खरे. चाळीचा तिसरा मजला लिफ्टशिवाय शंभर वर्षे चालला. चाळिसावा मजला एक दिवसही चालणार नाही.

या सगळ्याचा तोल पाहता आमचा कौल पुनर्विकासाच्या बाजूने आहे. स्वतःचे शौचालय आणि आतून लावता येणारी कडी, यांच्या बदल्यात मागण्याइतकी शेजारधर्माची किंमत मोठी नाही. मात्र घर देऊन काम संपले, हा समज मान्य करता येत नाही. शेजार टिकावा म्हणून मजल्यावर माणसे उभी राहू शकतील एवढी जागा ठेवायची, तर ती कुठून तरी काढावी लागते : सदनिकेच्या मापातून, नाहीतर बाजारात विकण्यासाठी बांधायच्या इमारतींतून. रहिवासी पहिले सोडणार नाहीत आणि सरकारी हिशेब दुसरे सोडत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. तरीही निवड करायचीच, तर झळ विक्रीच्या बाजूने सोसावी. कारण या जागेची आजची किंमत निर्माण होण्यात चाळकऱ्यांच्या शंभर वर्षांच्या वास्तव्याचाही वाटा आहे.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचे बरेच काम अजून व्हायचे आहे. उरलेल्या इमारतींच्या मजल्यांचे नकाशे पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाने पुन्हा एकदा रहिवाशांपुढे, विशेषतः बायका आणि वृद्धांपुढे ठेवावेत. आणि देखभाल निधीचा हिशेब दरवर्षी इमारतीच्या तळमजल्यावर, सर्वांना वाचता येईल असा लावावा.