विटलेल्या कागदाची राजकन्या

जपानी हातकागद आणि हस्तलिखित पत्र म्हटले, की आज मनात एक निवांत चित्र उभे राहते. हेइआन काळातील (७९४ ते ११८५) दरबारी स्त्रीला ते ओळखीचे वाटले नसते.

तिच्यासाठी पत्र ही परीक्षा होती. कागदाचा रंग ऋतूला साजेसा हवा, शाईची छटा प्रसंगाला. सोबत बांधलेली फुलांची फांदीसुद्धा मजकुराशी जुळणारी. निरोप्या बाहेर उत्तरासाठी तिष्ठत असे, आणि तेवढ्या अवधीत कविता रचायची!

मुरासाकी शिकिबू हिच्या ११व्या शतकारंभीच्या ‘गेंजीच्या कथे’त या परीक्षेत हरलेली एक राजकन्या आहे, सुएत्सुमुहाना. वडील वारलेले, वाडा पडका, दिवस हलाखीचे. दासीने सुचवलेले शब्द ती वर्षानुवर्षे पडून राखेच्या रंगाला गेलेल्या जांभळ्या कागदावर लिहिते. अक्षर ठाशीव, वळण मात्र जुनाट. गेंजी पत्र पाहतो आणि खिन्नपणे बाजूला ठेवतो. कागद का विटला, हा प्रश्न त्याला पडत नाही.

कोझोच्या सालीपासून हातकागद बनवण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ते योग्यच. पण सुंदर कागद बिघडेल म्हणून तो कोराच जपणारे, अक्षर चांगले नाही म्हणून पत्रच न लिहिणारे आज थोडे नाहीत. गेंजीची ती नजर त्यांनी स्वतःवरच रोखून धरली आहे. सुएत्सुमुहानाने निदान उत्तर तरी पाठवले होते.