फुकट उपचार म्हणजे फुकट जीव नव्हे

१/ जुलै १९६३. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांतच ताप चढला, वेदना असह्य झाल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत रक्त टिपण्याचा कपडा सापडला. २४ जुलैला तिचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाला न्याय मिळाला तो १९९६ साली. (थ्रेड)

२/ परभणीपासून सिरोंचापर्यंत सरकारी दवाखान्याबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘फुकटचा उपचार, मग तक्रार कसली?’ हे वाक्य व्यवहारी शहाणपणाचे वाटते. वस्तुतः ते कायद्याच्या दृष्टीने खोटे आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने वसाहतवादाचे उष्टे आहे.

३/ प्रथम तत्त्व. आपल्या कृतीने ज्याला इजा होऊ शकेल, त्याच्याबाबत वाजवी काळजी घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होय. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका स्कॉटिश खटल्यात हे सूत्र मांडले. पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची ती तक्रार होती. विशेष म्हणजे तक्रारदार स्त्रीने त्या बाटलीचे पैसे दिलेच नव्हते. ते तिच्या मैत्रिणीने दिले होते. कर्तव्य पावतीवर अवलंबून नसते, हे त्याच दिवशी ठरले.

४/ काळजीचे माप मात्र माणसागणिक बदलते, आणि ते बदललेच पाहिजे. डॉक्टरकडून सामान्य माणसाइतकी नव्हे, डॉक्टरइतकी दक्षता अपेक्षित असते. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पळशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर काळजी.

५/ अननुभव ही सबब नव्हे. १९७१ साली इंग्लंडमधील न्यायालयाने शिकाऊ चालकालाही निष्णात चालकाचेच माप लावले. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरला जबाबदार धरले. ज्या विद्येचे शिक्षण नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा. म्हणजे प्रतिवादी बदलला की माप बदलते, पण ते कौशल्यानुसार. सत्तेनुसार नव्हे.

६/ मग सरकारला सूट कोठून आली? १८६१ च्या कलकत्त्यातील एका खटल्यातून. गोदीत सरकारी मजुरांच्या हलगर्जीपणाने एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला. न्यायालयाने भरपाई दिली खरी. पण जाता जाता भेद केला की व्यापारी कामात सरकार जबाबदार, ‘सार्वभौम’ कामात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी रूपातून, व्यापारी आणि राज्यकर्ता यांतून, हा भेद जन्मला.

७/ येथे मराठवाड्याने थांबून विचार करावा. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती; कंपनीचा थेट अंमल तेथे कधीच नव्हता. तरीही स्वतंत्र भारताच्या नागरिकांना न्यायालयात कंपनीचीच ढाल दाखविली गेली. संविधानाच्या कलम ३०० ने सरकारचे दायित्व पूर्वीच्या राजवटींच्या दायित्वाशी जोडून ठेवले होते.

८/ १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही ढाल जवळजवळ मोडली. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परतत असताना एक पादचारी चिरडला गेला. राजस्थान सरकार जबाबदार ठरले. पण थोड्याच वर्षांत, मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने पळविले, त्या खटल्यात न्यायालय मागे फिरले. त्याच निकालात कायदा करण्याची सूचनाही होती. १९६५ व १९६७ ची विधेयके लोकसभेत आली आणि कायदा न होताच विरली.

९/ याच ढालीने औरंगाबादच्या त्या कुटुंबाला अडविले. दिवाणी न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नव्हे. कपडा नेमका कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. तो पोटात राहिला, हाच पुरावा. भरपाई पुन्हा मंजूर झाली.

१०/ ‘डॉक्टर कमी, रुग्ण अमाप, मग दोष कोणाला?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो डॉक्टरची बाजू मांडतो, सरकारची नव्हे. पदे रिकामी ठेवणारे आणि खाटा न वाढविणारे तेच सरकार असते. म्हणून दायित्वही त्याचेच.

११/ आणि लढा संपलेला नाही. १९९५ च्या निकालानुसार सर्वांना पूर्णतः निःशुल्क मिळणारी सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. नाममात्र नोंदणी शुल्कानेही फरक पडत नाही. खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग खुला, तर सेलू-गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयातील शेतमजुराला दिवाणी न्यायालयाची लांब वाट. कर्तव्य दोघांप्रति सारखेच; दार मात्र वेगळे.

१२/ शिवाय ‘फुकट’ हा शब्दच फसवा. त्या दवाखान्याची प्रत्येक वीट करातून उभी आहे, आणि बाजारातील बहुतेक वस्तूंवर मजूरही कर भरतो. इतिहास वाचणाऱ्यांनी कंपनी सरकार १८५८ साली संपले असे पाठ करावे. पण दवाखान्याच्या दारात ते अजून बोलताना ऐकू आले, तर ओळखावेही.