चष्मे वाटून झाले, आता डोळ्याचं प्रेशरही मोजा

आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की नेत्र तपासणी शिबिर ठरलेलं. मोतीबिंदूवाले वेगळे काढायचे, बाकीच्यांच्या हातात जवळचा चष्मा, मग फोटो. वाईट नाही हो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने म्हाताऱ्या माणसाला पुन्हा दिसायला लागतं. पण काचबिंदूचं काय? तो बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं नीट दिसत राहतं. त्यामुळे तक्ता घडाघडा वाचणाऱ्या आजोबांनाही तो असू शकतो. त्यात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. वेळेत कळलं तर रोजच्या ड्रॉप्सनी उरलेली बहुतेकदा टिकवता येते. शुगरवाल्यांचंही तसंच, पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला काही जाणवत नाही.

म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्याचं प्रेशर, पडदा आणि मागची नस तपासून घ्याच. आणि आयोजकांनो, चष्मे किती वाटले ते बॅनरवर छापता, प्रेशर किती जणांचं मोजलं तेही छापा की!

"आता या वयात काय बघायचंय मला," असं आई म्हणेलच. तरी गाडीवर बसवून न्या. रात्री बाथरूमला तिला एकटीलाच उठायचं असतं.